मुदत ठेव मोडून कार्बनची सायकल?

प्रश्न : माझा मुलगा एकोणीस वर्षांचा आहे, साखळीच्या सरकारी महाविद्यालयात एस. वाय. बी.कॉम.ला. लॉकडाऊनमध्ये सायकलचं वेड लागलं ते सुटलंच नाही. गोव्यात आणि बेळगावला माउंटन बाइकच्या हौशी गटातल्या काही शर्यती त्याने जिंकल्या. एका सायकल दुकानाने जर्सी दिली, सुट्या भागांवर सवलत देतात. आता म्हणतो, कॉलेज सोडतो आणि प्रो होतो. कार्बन फ्रेमची सायकल हवी, साडेतीन लाखांची. वाळपईत आमचं लहानसं दुकान आहे. त्याच्या पुढच्या शिक्षणासाठी चार लाखांची मुदत ठेव केली होती, ती मोडा म्हणतो. त्याचे वडील एक पैसा देणार नाही म्हणतात. घरात बापलेक बोलत नाहीत. यात खरंच करिअर आहे का?
– एक आई, सत्तरी तालुका, गोवा

उत्तर : ताई, नमस्कार.

मुदत ठेव मोडू नका, कॉलेज सोडू देऊ नका आणि सायकलही सोडायला लावू नका. तिन्ही एकदम कसं जमायचं ते पुढे सांगतो, पण आधी पैसा येतो कुठून ते बघू. घरातलं भांडण तिथेच अडलेलं आहे.

परदेशात माउंटन बाइकवाल्याला पगार मिळतो तो मुख्यतः सायकल कंपन्यांच्या संघांकडून. नीनो शुर्टर हा स्विस खेळाडू दहा वेळा विश्वविजेता झाला, 2016 ला रिओत सुवर्णपदक जिंकला. त्याच्यामागे सायकल बनवणाऱ्या कंपनीचा संघ वर्षानुवर्षं उभा होता. टोकियो आणि पॅरिस, दोन्हीकडे सुवर्ण जिंकणारा टॉम पिडकॉक किंवा पॅरिसची विजेती पॉलीन फेराँ-प्रेव्हो यांनी रस्त्यावरच्या शर्यतींच्या संघांतही पगारावर काम केलं आहे. म्हणजे जगातले काही अव्वल लोकसुद्धा नुसत्या डोंगरावर विसंबून नाहीत.

आपल्याकडे अशी संघांची साखळी नाही. राष्ट्रीय स्पर्धेत पुढे दिसणारी मुलं सैन्यदलात असतात, रेल्वेत असतात, कुणी आयटीत नोकरी करून पहाटे सराव करतो, कुणी इतरांना शिकवून स्वतःचा खर्च काढतो. सरकारी मदतीचा ओघ जास्त करून ट्रॅक सायकलिंगकडे, म्हणजे बांधलेल्या गोल धावपट्टीवरच्या शर्यतींकडे आहे, आणि त्याला कारण आहे. दिल्लीत वेलोड्रोम, म्हणजे तशी धावपट्टी आहे, अकादमी आहे. भारताच्या एसो अल्बेनने 2018 ला ज्युनिअर जागतिक स्पर्धेत ट्रॅकवरच रौप्य मिळवलं. आपल्या गोव्यात 2023 ला राष्ट्रीय क्रीडा स्पर्धा झाल्या, तेव्हा ट्रॅक सायकलिंग दिल्लीतच घ्यावं लागलं. ऑलिंपिकचं म्हणाल, तर 1964 च्या टोकियोनंतर भारताचा एकही सायकलपटू तिथे उतरलेला नाही.

हे वाचून त्याचे वडील "बघ, मी सांगत होतो" म्हणतील. त्यांना थोडं थांबायला सांगा. ही सगळी देशाची परिस्थिती झाली. तुमच्या मुलाच्या पायांत किती दम आहे, हे त्यातून कळत नाही.

दुकानाच्या जर्सीबद्दलही बोलून टाकतो. सुट्या भागांवर सवलत ही चांगली गोष्ट आहे, घ्यावी. पण पाठीवर दुकानाचं नाव घालून तो गावोगाव फिरतो, त्यात जाहिरात दुकानाची होते. याला कुणी पगार समजत असेल तर तो गैरसमज आहे. कॉलेज सोडण्याइतकं वजन त्या जर्सीला मुळीच नाही.

आता त्याच्या ताकदीकडे वळू. हौशी गटातली पदकं मोजत बसू नका. हौशी गटात कोण उतरतं? नोकरदार, कॉलेजची पोरं, चाळिशीतले डॉक्टर. त्यांच्यात पहिला येणं कौतुकाचंच, पण त्यावरून अंदाज बांधता येत नाही. विचारायचं ते एवढंच : राष्ट्रीय पातळीच्या शर्यतीत, आपल्याच वयोगटात, पहिल्या आलेल्यापेक्षा तू किती मिनिटं मागे होतास?

माउंटन बाइकची क्रॉस-कंट्री शर्यत चार-सहा किलोमीटरच्या वर्तुळाकार वाटेवर होते, फेऱ्यांवर फेऱ्या. वरिष्ठ गटाची शर्यत साधारण सव्वा ते दीड तास चालते. आंतरराष्ट्रीय शर्यतींत एक कडक नियम आहे. सगळ्यात पुढे असलेल्या खेळाडूने पहिल्या फेरीला जितका वेळ घेतला, त्याच्या 80 टक्क्यांहून जास्त वेळाने तुम्ही मागे पडलात की पंच तुम्हाला बाजूला घेतात. समजा पहिली फेरी 14 मिनिटांची. तर 11 मिनिटं 12 सेकंदांच्या पलीकडे गेलात की शर्यत तिथेच आटोपली, आणि निकालपत्रात नावापुढे किती फेऱ्या राहिल्या ते छापून येतं. शिवाय सुरुवातीच्या रांगा क्रमवारीनुसार लागतात. नवखा शेवटच्या रांगेत उभा राहतो, पहिल्या अरुंद वाटेवर पोचेपर्यंत पुढचे निसटलेले असतात. हौशी शर्यतीत यातलं काहीच अंगावर येत नाही.

माझा एक ठोकताळा आहे, नियम नव्हे. पहिल्या राष्ट्रीय शर्यतीत विजेत्याच्या वेळेपेक्षा दहा-बारा टक्क्यांच्या आत आला आणि पुढच्या हंगामात तो फरक कमी झाला, तर मुलगा गंभीरपणे घेण्याजोगा आहे. पंधरा-वीस टक्के मागे असेल तरी निराश व्हायचं कारण नाही, पण मग दुसऱ्या वर्षी तो आकडा हललाच पाहिजे. दोन हंगाम जागचा हलला नाही, तर नोकरी सांभाळून करायचा तो एक सुंदर छंद आहे, असं समजावं. त्याच्या हातात वेळ आहे. 23 वर्षांखालचा गट 19 ते 22 वयाचा असतो, म्हणजे हा हंगाम धरून चार. दमाच्या खेळात शरीर पंचविशीनंतरही तयार होत राहतं, तेव्हा आज कॉलेज सोडण्याची घाई कशासाठी?

त्या शर्यतीपर्यंत जायचा रस्ता राज्य सायकलिंग संघटनेची निवड चाचणी, राष्ट्रीय फेडरेशनचा परवाना, मग राष्ट्रीय स्पर्धा असा आहे. गोवा लहान, इथे स्पर्धक थोडे. त्यामुळे राज्याच्या संघात जागा मिळणं कर्नाटकातल्या मुलापेक्षा सोपं असतं. विजापूर-बागलकोटकडे सायकलची जुनी परंपरा आहे, तिथे एकेका जागेसाठी झुंबड उडते. आपल्याला मिळालेली ही सवलत वापरावी, पण गोव्याचं नाव छातीवर आलं म्हणजे पोचलो, असं त्याने समजू नये.

सरावाची गोष्ट त्याच्यासाठी लिहितो, त्याला वाचायला द्या. सत्तरीत राहणाऱ्याला केरीहून चोर्ल्याचा चढ घराजवळ आहे. दम वाढवायला तो उत्तम, पण तो डांबरी आहे आणि त्यावर ट्रकांची वर्दळ असते. क्रॉस-कंट्रीत शर्यत हरतात ती बहुधा दगडांत आणि उतारावर. आपल्या सड्यांवर जांभ्याचे सुटे खडे पसरलेले असतात, चाकाखाली गोट्यांसारखे घरंगळतात आणि वळणावर पुढचं चाक आधी सुटतं. तिथे सराव कर, पण हळू. ब्रेक दगड येण्याआधी दाब, दगडांच्या मधोमध नको. नजर चाकापुढे न ठेवता वाटेच्या बाहेर पडायच्या टोकावर ठेव. एकेक अवघड जागा वीस वेळा कर, त्यातल्या दहा वेळा व्हिडिओ काढ. एका फेरीत एकदा पाय टेकून उतरावं लागलं, तर दहा-पंधरा सेकंद सहज जातात. आणि म्हादई अभयारण्याच्या हद्दीत वन खात्याच्या परवानगीशिवाय शिरू नकोस, वाट कितीही चांगली दिसली तरी.

आता ती साडेतीन लाखांची सायकल. कार्बनची फ्रेम घेऊन सायकल किलो-दीड किलोने हलकी होईल. स्वार आणि सायकल मिळून पंच्याहत्तर किलो धरले, तर चढावर फायदा एक-दोन टक्के. 14 मिनिटांच्या फेरीत सहा-आठ सेकंद म्हणा. तेवढे सेकंद पाय न टेकता दगड पार केले की फुकट मिळतात. कार्बन वाईट नाही, पण ती शेवटच्या पायरीवरची खरेदी आहे. विजेत्याशी फरक सेकंदांत आला की मी स्वतः तुम्हाला घ्या म्हणेन.

सध्याच्या सायकलवरच थोडा खर्च करा. चांगले टायर, ते ट्यूबलेस करून घेणं, वेळेवर चेन. फोर्क म्हणजे पुढच्या चाकाचे झटके झेलणारा दुहेरी दांडा. त्याच्या खालच्या नळ्यांतलं तेल साधारण 50 तास चालवल्यावर बदला, असं फोर्क बनवणाऱ्या कंपन्या सांगतात. आपल्याकडे कुणी बदलत नाही, आणि मग फोर्क आखडला म्हणून सायकलच जुनी झाली असं ठरतं. पावसाळ्यात तांबड्या चिखलात रेझिनचे ब्रेक पॅड बघता बघता झिजतात, तिथे धातूचे टिकतात. उरलेला पैसा प्रवासाला ठेवा. वास्कोहून गोवा एक्सप्रेसने उत्तरेत जायचं, सायकल खोक्यात, राहणं, जेवण, वर्षातून दोन-तीन फेऱ्या. खेळाडूचा खरा खर्च हा आहे. सायकल खोक्यात भरताना चाकं काढली की ब्रेकच्या पॅडमध्ये प्लॅस्टिकचा तुकडा घालायला विसरू नये. वाटेत चुकून ब्रेक दाबला गेला तर पॅड एकमेकांना चिकटतात, आणि शर्यतीच्या आदल्या संध्याकाळी परक्या गावात मेकॅनिक शोधत फिरावं लागतं.

कॉलेजचं. बी.कॉम. हा त्याला अडथळा वाटतो, पण खेळाच्या हिशेबानेच बघा. कॉलेज सुटलं की आंतरविद्यापीठ सायकलिंग स्पर्धांचं दार बंद. पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेत प्रशिक्षकाचा डिप्लोमा करायचा, तर साधारणपणे पदवी लागते. रेल्वेच्या क्रीडा कोट्यात बारावीवर खालच्या श्रेणीत अर्ज करता येतो, वरच्या श्रेणीला पदवी मागतात, आणि दोन्हीकडे स्पर्धेतलं स्थान बघतात. सायकलिंग केंद्र सरकारच्या क्रीडा कोट्यातल्या खेळांत आहे. पदवी हातात असेल तर राष्ट्रीय स्पर्धेतल्या त्याच स्थानाची किंमत वाढते. पोटापाण्याचा मार्ग मला सगळ्यात जवळचा इथेच दिसतो : नोकरी कोट्यातली, शर्यती खात्याच्या रजेवर.

तो नाही जमला तरी सायकलभोवती कामं आहेत आणि गोव्यात ती वाढताहेत. मिरामारला 2019 पासून आयर्नमॅन 70.3 ही पोहणं, सायकल आणि धावणं अशी सलग शर्यत होते, त्यामुळे पैसे मोजून सायकल शिकणारे मोठ्या वयाचे लोक तयार झाले. फोर्क आणि हायड्रॉलिक ब्रेक नीट उघडून बसवणारा माणूस सापडणं मुश्किल आहे. पर्यटकांना गावांतून सायकलवर फिरवणारे आहेत. बी.कॉम. झालेला, हात काळे करायची तयारी असलेला आणि शर्यतीचा अनुभव असलेला मुलगा स्वतःचं वर्कशॉप चालवू शकतो. सुट्टीत एखाद्या चांगल्या मेकॅनिककडे हाताखाली काम करू दे. जर्सीवाल्या दुकानाला हेच मागावं, ते सवलतीपेक्षा जास्त उपयोगी पडेल.

दोन गोष्टी पालक म्हणून तुम्हीच बघायच्या. एक, विमा. या खेळात गळ्याजवळचं हाड मोडणं ही नेहमीची दुखापत आहे. आरोग्य विम्याच्या पॉलिसीत धोकादायक किंवा साहसी खेळांत व्यावसायिक म्हणून भाग घेताना झालेल्या दुखापतीचा खर्च सहसा वगळलेला असतो. तुमची पॉलिसी काढा, ते कलम वाचा, एजंटकडून लेखी उत्तर घ्या. नुसत्या तोंडी "होतं हो ताई, काळजी नको"वर राहू नका. दुसरं, पावडरी. जिममधल्या कुणीतरी दिलेला डबा घरात येता कामा नये. त्यात बंदी असलेलं काही निघालं तर "मला माहीत नव्हतं" म्हणून सुटका होत नाही, जबाबदारी खेळाडूचीच असते. सर्दी-खोकल्याचं औषधसुद्धा नाडाच्या, म्हणजे राष्ट्रीय उत्तेजकविरोधी संस्थेच्या यादीत बघून घ्यावं. हुमण-भात, अंडी, कडधान्य, केळी यांवर एकोणीस वर्षांचा मुलगा उत्तम सायकल चालवू शकतो.

राहिलं घरातलं मौन. त्याच्या वडिलांना ठेव मोडायची नाही आणि त्याला खेळ सोडायचा नाही, यात मला तरी विरोध दिसत नाही. दोघांना समोरासमोर बसवा आणि एका कागदावर लिहून घ्या : पदवी पूर्ण होईपर्यंत कॉलेज, दोन हंगाम शर्यती, प्रवास आणि दुरुस्तीसाठी वर्षाला ठरावीक रक्कम. ती दुकानाच्या उत्पन्नातून झेपेल तेवढीच असावी, चाळीस हजार असो की साठ, पण ठरलेली. त्यापुढचा खर्च त्याने कमवावा. प्रत्येक राष्ट्रीय शर्यतीनंतर विजेत्याशी असलेला फरक त्याच कागदावर त्याने स्वतः लिहायचा. तो वडिलांनीही बघावा.

पहिलं काम मात्र हजेरीचं आहे, कारण हंगामात ती पंचाहत्तर टक्क्यांखाली घसरते आणि परीक्षेला बसताना पंचाईत होते. निवड चाचणीचं पत्र आलं की त्याने ते घेऊन आधी कॉलेजच्या क्रीडा संचालकांना आणि मग प्राचार्यांना भेटावं, रजेचा अर्ज लेखी द्यावा, पोच घ्यावी. तुम्ही बरोबर जाऊ नका. हे त्याचं त्याने करावं.