शंभर जुड्यांतून सदतीस गेल्या

प्रश्न : बाई, मी नाशिकजवळच्या एका शाळेत तिसरीला शिकवते. वर्गात ३८ मुलं. त्यातला एक सुट्टीच्या दिवशी वडिलांबरोबर पंचवटीच्या मार्केट यार्डात कोथिंबीर घेऊन जातो, तोंडी हिशोब झटपट करतो. चाचणीत मात्र १०० − ३७ चं उत्तर ७३ लिहितो. त्याची नोंद काय करू? आणि मूल्यमापनाची आठ-आठ साधनतंत्रं (तोंडीकाम, प्रकल्प, स्वाध्याय वगैरे) एवढ्या मुलांना लावायची कशी?

– एक शिक्षिका

उत्तर : ७३ हे उत्तर मला आवडलं. ठोकून दिलेलं नाही ते. एककाच्या घरात दहा आणून त्यातून सात वजा केले, तीन उरले, बरोबर. दशकाच्या घरात दहाचे नऊ झालेत हे विसरला नि दहातूनच तीन काढले. एवढंच चुकलं. आपण फुली मारून पुढचा पेपर ओढतो.

यार्डात तो मोठ्या आकड्यापासून सुरू करत असणार : शंभरातून तीस गेले सत्तर, त्यातून सात गेले त्रेसष्ट. वहीत आपण एककापासून करायला लावतो. घोळ तिथे आहे. कोथिंबिरीचा भाव आपल्याकडे शेकड्यावर निघतो, तोच धागा धरा. आइस्क्रीमच्या शंभर काड्या घ्या, दहा-दहाचे गठ्ठे रबराने बांधा आणि म्हणा, ‘सदतीस जुड्या दे, पण आधी सात सुट्या.’ त्याला गठ्ठा सोडावाच लागेल. सोडला की थांबवा. ‘आता बांधलेले किती?’ नऊ. तो नऊ त्याच्याच हाताने वहीत दशकाच्या डोक्यावर लिहून घ्या. मगच पुढची वजाबाकी. ज्या मुलांनी यार्ड पाहिलेलं नाही त्यांना जुड्या म्हणू नका, काड्याच म्हणा.

नोंदीत लिहा : ‘तोंडी वजाबाकी अचूक. दशक सुटा केल्यावर उरलेले दशक लिहायला विसरतो.’ व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या तयार नोंदी उतरवू नका. मी एके वर्षी बेचाळीस मुलांचं तोंडीकाम एका दुपारीत ‘उरकलं’ होतं. सगळ्यांपुढे ‘गणितात रुची घेतो’. मुलींपुढेसुद्धा ‘घेतो’!

साधनतंत्रं सगळ्यांना एकाच दिवशी लावायची नसतात. रोज पाच मुलं निवडा, आठ दिवसांत वर्ग होतो. काही जण तोंडी, काही जण काड्यांवर, काहींचा नुसता स्वाध्याय बघा. तिसरीला आकारिकला, म्हणजे वर्षभर चालणाऱ्या मूल्यमापनाला, ६० टक्के आणि संकलितला, म्हणजे सत्राअखेरच्या परीक्षेला, ४० टक्के असा भारांश आहे, तेव्हा काड्यांवरचं काम हा ‘जादा उपक्रम’ नव्हे, साठातलंच आहे. प्रकल्पाचं म्हणाल, तर पालकांनी केलेल्या थर्माकोलला मी कधी गुण दिले नाहीत.

पुढच्या आठवड्यात त्याला २०० − ५८ द्या, काड्यांशिवाय. १४२ आलं तर कळवा. १५२ आलं तरी कळवा.