एरर थांबला, गाठी चुकल्या

प्रश्न : आप्पा, आमच्या जिनिंगचा गाठींच्या साठ्याचा जुना जावा प्रोग्राम मी एंटिटी बीनवरून जेपीएवर आणला (जावातून डेटाबेसशी बोलायच्या जुन्या पद्धतीवरून नव्या पद्धतीवर). डेटाबेस तोच, एसक्यूएल सर्व्हर. पूर्वी हंगामात दिवसातून दोन-तीनदा डेडलॉकचा, म्हणजे दोन कामं एकमेकांसाठी अडकून बसल्याचा, एरर यायचा, तो बंद झाला. मालक खूश. पण आता गोदामातल्या गाठी आणि स्क्रीनवरचा आकडा जुळत नाही. सगळीकडे आयसोलेशन (एकाच वेळची कामं एकमेकांपासून किती वेगळी ठेवायची ती पातळी) सिरियलायझेबल, म्हणजे सगळ्यात कडक, करून टाकू का?
– एक वाचक, धरणगाव

उत्तर : भाऊ, तो एरर तुमचा राखणदार होता, त्यालाच तुम्ही रजा दिलीत.

जुन्या सर्व्हरची डिप्लॉयमेंटची एक्सएमएल फाईल उघडा. ईजेबी (एंटिटी बीन ज्यात येतात ते जावाचं स्पेसिफिकेशन) १.१ पासून आयसोलेशन स्पेसिफिकेशनमधून गेलं आणि जो तो सर्व्हर ते आपापल्या फायलीत ठेवू लागला. तिथे रिपीटेबल रीड किंवा सिरियलायझेबल अशी कडक पातळी लिहिलेली सापडेल, असा माझा अंदाज. २००६ साली आलेल्या जेपीएत ही सेटिंगच नाही. फाईल मागे राहिली आणि तुम्ही डेटाबेसच्या डिफॉल्टवर, म्हणजे रीड कमिटेड या सैल पातळीवर आलात.

आता गेटवर काय होतं बघा. लॉटमध्ये १२० गाठी. एका ट्रकला ५० द्यायच्या, दुसऱ्याला ४०. दोन्ही कारकुनांनी एकाच वेळी १२० वाचले. पहिल्याने ७० लिहिले, दुसऱ्याने त्यावर ८०. गोदामात ३०, स्क्रीनवर ८०! पूर्वी वाचताना घेतलेलं लॉक ट्रान्झॅक्शन (एकत्र पूर्ण किंवा एकत्र रद्द होणारं काम) संपेपर्यंत सुटायचं नाही, म्हणून दोघं लिहायला गेले की अडकायचे आणि डेटाबेस एकाला बाहेर काढायचा. तोच तुमचा डेडलॉकचा एरर. रीड कमिटेडमध्ये वाचून झालं की लॉक सुटतं.

सगळीकडे सिरियलायझेबल नको. मालकांचा महिन्याचा रिपोर्ट चालू असेपर्यंत गेटवर ट्रक उभे राहतील. लॉटच्या एंटिटीत (डेटाबेसच्या ओळीशी जोडलेल्या जावाच्या क्लासात) एक आकड्याचा रकाना वाढवा, त्यावर @व्हर्जन लावा. मग अपडेट ‘व्हर्जन ७ असेल तरच’ या अटीवर जातं. दरम्यान कुणी ८ केलं असेल तर एकही ओळ बदलत नाही आणि ऑप्टिमिस्टिक लॉक एक्सेप्शन, म्हणजे मध्येच दुसऱ्याने बदल केल्याचा एरर, येतं. ते पकडून नव्या ट्रान्झॅक्शनमध्ये लॉट पुन्हा वाचायचा. ‘नव्या’ मुद्दाम म्हणतोय. जळगावात एका डाळमिलचं काम करताना मी त्याच ट्रान्झॅक्शनमध्ये पुन्हा प्रयत्न करत बसलो होतो. ते आधीच रोलबॅकसाठी, म्हणजे रद्द होण्यासाठी, खूण झालेलं असतं, शंभर वेळा केलं तरी उपयोग नाही. दोन रात्री गेल्या माझ्या.

एकाच लॉटवर दिवसभर झुंबड असेल तर तेवढ्यापुरता पेसिमिस्टिक राइट लॉक (वाचतानाच इतरांना थांबवणारा) घ्या, जेपीए २.० पासून तो आहे.

थेट एसक्यूएलने साठा बदलणाऱ्या स्क्रिप्ट असतील तर त्यांना व्हर्जनही वाढवायला लावा, आपोआप वाढत नाही. आणि हे सगळं चालू करण्याआधी गोदामात जाऊन गाठी हाताने मोजा, नाहीतर ते ८०च पुढे नीट सांभाळले जातील.