वापरलेली ग्रिट पुन्हा वापरावी का?

८० नंबरची सिलिकॉन कार्बाइड ग्रिट (दगड घासणारी कठीण पूड; नंबर जितका मोठा तितकी ती बारीक) आठवडाभर टंबलरमध्ये, म्हणजे दगड गुळगुळीत करणाऱ्या फिरत्या पिंपात, फिरवल्यावर तळाशी उरलेला काळा गाळ टाकून द्यावा, पुन्हा वापरावा, की आता तो बारीक झालाच आहे म्हणून २२० नंबरच्या जागी घालावा, असे आपण विचारले आहे. दगड टप्प्याटप्प्याने अधिकाधिक बारीक ग्रिटने घासले जातात; माझे उत्तर असे की, तो पहिल्या, ८० नंबरच्या टप्प्यात अवश्य पुन्हा वापरावा. पुढच्या टप्प्यात मात्र त्यातला एक कणही जाऊ देऊ नये.

सिलिकॉन कार्बाइडचा कठीणपणा मोह्स मापावर (खनिजांच्या कठीणपणाचे १ ते १० पर्यंतचे माप) ९ च्या पुढे, तर अकीक आणि जास्पर या टंबलरमध्ये घालायच्या दगडांचा साधारण ६.५ ते ७. त्यामुळे दगडांमध्ये सापडलेला ग्रिटचा कण गुळगुळीत होण्याऐवजी बहुधा फुटतो आणि फुटताना त्याला नवी धार येते. हा त्याचा मोठा गुण आहे. परंतु सगळे कण सारखे फुटत नाहीत. जात्यावर भरडलेल्या धान्यात पीठ असते, रवा असतो आणि मधूनच अख्खा दाणाही हाताला लागतो, तशीच या गाळाची स्थिती असते. ८० नंबरचा कण सुमारे ०.१८ मिलिमीटरचा असतो. असे मोजके कण जरी शाबूत राहिले, तरी २२० नंबरने जे ओरखडे पुसायचे तेच ते नव्याने पाडत राहतात.

सुरुवातीच्या काळात मी हीच चूक केली होती. गाळ बोटांना मऊ लागला म्हणून दुसऱ्या टप्प्यात तोच वापरला, आणि पॉलिश झालेले अकीक खिडकीतल्या तिरप्या उन्हात धरले तेव्हा प्रत्येकावर केसासारख्या रेघा दिसल्या. सर्व दगड पुन्हा पहिल्या टप्प्यापासून फिरवावे लागले. तेव्हापासून मी बोटांवर विसंबत नाही. गाळाचा एक थेंब काचेच्या दोन तुकड्यांमध्ये ठेवून हलके घासतो. करकर ऐकू आली, तर कापणारे कण अजून शिल्लक आहेत असे समजावे.

हे कण वेगळे करण्यासाठी पाणी पुरेसे आहे. बादलीत गाळ ओतून वर सुमारे २० सेंटिमीटर स्वच्छ पाणी भरावे, चांगले ढवळावे आणि २० सेकंद थांबून वरचे गढूळ पाणी दुसऱ्या बादलीत हलकेच ओतून घ्यावे. पाण्यात बारीक कण खाली बसण्याचा वेग त्याच्या व्यासाच्या वर्गाप्रमाणे वाढतो. म्हणून ८० नंबरचे कण दहा-पंधरा सेकंदांत तळ गाठतात, तर ०.०१ मिलिमीटरच्या कणाला तेवढ्याच पाण्यातून उतरायला जवळजवळ अर्धा तास लागतो. तीन-चार वेळा असे केल्यावर तळाशी चमकणारी काळी वाळू उरते. तीत दगडाच्या कपच्याही असतात, म्हणून ती नव्या ग्रिटच्या बरोबरीची समजू नये. दीड किलोच्या बॅरलला (टंबलरच्या पिंपाला) मी चार मोठे चमचे ग्रिट घालतो; त्यांपैकी दोनपेक्षा जास्त चमचे जुनी ग्रिट घालत नाही.

ओतून घेतलेले गढूळ पाणीही निरुपयोगी नाही. पहिल्या टप्प्याच्या नव्या भरणीत पाणी पातळ असते आणि ग्रिट तळाशी बसून राहते. ते गढूळ पाणी निवळून तळाशी बसलेला जुना दाट गाळ वाटीभर घातला की ती दगडांना चिकटून पहिल्या दिवसापासून काम करते. मिश्रण ताकापेक्षा दाट आणि पिठल्यापेक्षा पातळ असावे, कारण फार दाट झाल्यास दगड एकमेकांवरून घसरतच नाहीत. आपल्याकडे शेतातून वेचलेल्या अकिकाला बेसाल्टचा तुकडा चिकटलेला असेल, तर तो आधी फोडून काढावा. मऊ झालेला बेसाल्ट दोन दिवसांत चिखल करतो. गुजरातमधील खंबायतच्या अकीक कारागिरांची जुनी रीत घासून निघालेली भुकटी पुन्हा वापरण्याच्या संदर्भात मला फार मोलाची वाटते: मणी चामड्याच्या पिशवीत भरून, घासताना जमलेली अकिकाची भुकटी त्यांत घालून, दोघे जण ती पिशवी दहा-पंधरा दिवस एकमेकांकडे लोटत असत.

५०० नंबरची ग्रिट मात्र परत मिळवण्याच्या फंदात पडू नये. तिचे कण आणि दगडाचे पीठ जवळपास एकाच वेगाने बसते, त्यामुळे ती निवडता येत नाही. ॲल्युमिनियम ऑक्साइडचे पॉलिश (शेवटच्या टप्प्यात चकाकी आणणारी पूड) पुन्हा वापरता येते, पण त्यासाठी स्वतंत्र बॅरल आणि घट्ट झाकणाचा डबा हवा, आणि दगडांच्या खळग्यांत आधीची ग्रिट अडकलेली नाही याची ब्रशने घासून खात्री करून घ्यायला हवी. आत स्फटिक असलेला पोकळ अकीक मी पॉलिशच्या भरणीत कधीच घालत नाही.

उरलेला गाळ मोरीत ओतू नये. तो नळीत सिमेंटसारखा बसतो. जुन्या बादलीत तो निवळू द्यावा, वरचे पाणी झाडांच्या कडेला मातीत ओतावे आणि खालचा लगदा ओला असतानाच पिशवीत बांधून कचऱ्यात द्यावा. वाळलेला गाळ हाताने चुरू नये किंवा झाडूने झाडू नये, कारण त्यातली सिलिकाची बारीक धूळ फुप्फुसांत जाते आणि तिथून ती बाहेर येत नाही.