छातीपासून वरची माणसे

ताई, तुम्ही लिहिता, "माणसे रोज दिसतात, पण गेल्या वर्षभरात कुणाच्या घरी गेल्याचे आठवत नाही." कार्यालय घरात आले, सामान दाराशी येते, मुलांचा मराठीचा वर्ग पडद्यावर भरतो आणि ज्या कुटुंबाच्या आधाराने तुम्ही या देशातली पहिली दोन वर्षे काढली, तेही आता ग्रुपवर अंगठा दाखवून मोकळे होते. तुमचे दुःख मला कळते, कारण दोन बॅगा घेऊन परदेशात उतरलेल्या आपण सगळ्यांनीच नातेवाइकांच्या जागी माणसे जोडली, ती एकमेकांच्या घरी जाऊन-येऊनच. मात्र त्याच पत्रात "सगळ्यांच्या सोयीची वेळ जुळत नाही" हे वाक्य तीनदा आले आहे आणि ते कुटुंब गाडीने वीस मिनिटांवर राहते, हेही तुम्हीच कळवले आहे. वीस मिनिटांवरच्या घरी व्हिडिओ कॉल करणे याला मी आळस म्हणते. रागावू नका, तो मीही पुष्कळ केला आहे.

समोरासमोर बोलताना एकाचे बोलणे संपून दुसऱ्याचे सुरू होईपर्यंत जेमतेम २०० मिलिसेकंद जातात. दहा भाषांची तुलना करणाऱ्या २००९ मधील अभ्यासात सरासरी तेवढीच निघाली होती. कॉलवर आवाज पोहोचायला लागणारा वेळ या लयीत घुसतो, आणि मग दोघे एकदम बोलतात किंवा दोघेही एकदम थांबतात. कॅमेरा पडद्याच्या वरच्या कडेला असल्यामुळे आपण समोरच्याच्या डोळ्यांत पाहिले, तरी त्याला आपली नजर खाली झुकलेली दिसते. सर्वांत मोठे नुकसान शांततेचे होते. एका खोलीत बसलेली दोन माणसे पाच मिनिटे गप्प राहिली, तरी ती भेटच असते, कॉलवर दहा सेकंदांत "आवाज येतोय ना?" सुरू होते.

माझे वडील दर रविवारी पडद्यावर हसतमुख दिसत आणि "मी ठणठणीत आहे" म्हणत. दीड वर्षाने मी घरी गेले, तेव्हा ते भिंतीला हात लावत चालत असल्याचे पहिल्याच सकाळी दिसले. इतके रविवार मी त्यांना फक्त छातीपासून वर पाहिले होते. त्यांनी माझ्यापासून काही लपवले, असे मला आजही वाटत नाही. मीच कधी विचारले नाही.

तेव्हा येत्या शनिवारी, ग्रुपवर मतदान न घेता, त्या एकाच घरी फोन करा आणि "तासाभराने येते" एवढेच सांगा. गप्पांचे विषय ठरवून जाऊ नका. त्यांचे कपड्यांच्या घड्या घालणे चालू असेल, तर त्यातलेच चार कपडे ओढून घ्या. सर्व कुटुंबांचे संमेलन भरवायचा बेत मात्र तूर्त सोडा, कारण वेळ जुळत नाही ती त्यातच.

मुले इंग्रजीत उत्तर देतात, ही तुमची दुसरी तक्रार. तुम्ही मराठीतच बोलत राहा, सध्या तेवढे पुरे. सासूबाईंना नवा फोन जमत नसेल, तर जुनाच राहू द्या. आईशी रोज बोलता, ते सोडू नका, पण तिला फोन फळीवर टेकवून ठेवायला आणि आपली कामे करत राहायला सांगा. ती खोलीत कशी वावरते, तेवढे तरी तुम्हाला दिसेल.