सोलापुरात रोजची गाडी आहे, ऑइल वेळेवर बदलतो. जास्त क्षमतेचा मोठा ऑइल फिल्टर बसवून फायदा होईल का?

जवळजवळ नाही. क्षमता म्हणजे तुंबण्याआधी फिल्टर किती ग्रॅम कचरा पोटात ठेवतो, एवढंच. नीट सांभाळलेल्या पेट्रोल इंजिनात दोन सर्व्हिसिंगच्या मध्ये तेवढा कचरा तयारच होत नाही. मोठी क्षमता कामी येते ती ऑइल बदलायची टाळाटाळ झालेल्या, गाळ धरलेल्या इंजिनात. तिथे आतला कागद तुंबला की बायपास व्हॉल्व्ह उघडतो आणि न गाळलेलं ऑइल थेट बेअरिंगकडे जातं.

आपल्याकडे खरा शत्रू धूळ, आणि ती शिरते हवेच्या वाटेने. होटगी रोड, अक्कलकोट रोडला रोज जाणं असेल तर एअर फिल्टरचा डबा उघडा आणि आतल्या, इंजिनाकडच्या बाजूने बोट फिरवा. बोटाला माती लागली तर फिल्टरची रबरी कड नीट बसलेली नाही. चार पैसे खर्चायचेच तर तिथे खर्चा.

ऑइल फिल्टर कंपनीने सांगितलेल्या नंबरचाच घ्या. दुसऱ्या गाडीचा मोठा डबा आट्यांवर बसतोही, पण त्याचा बायपास वेगळ्या दाबाला उघडणारा असू शकतो. शिवाय खाली लोंबला तर दगड लागायची भीती. (दुकानदार ‘चालतंय की’ म्हणणारच!) बदलताना जुनी रबर रिंग इंजिनाला चिकटून राहिली नाही ना, तेवढं मेकॅनिकच्या शेजारी उभं राहून बघा. दोन रिंगा एकावर एक बसल्या तर सगळं ऑइल रस्त्यावर येतं.