जुन्या टर्मिनलच्या कीबोर्डचं शिफ्ट सुटेना

प्रश्न : नमस्कार दादा, मार्केट यार्डाजवळच्या एका ऑफिसचं सामान भंगारात निघालं, त्यात मला डिजिटल कंपनीचा एलके२०१ कीबोर्ड मिळाला, व्हीटी२२० टर्मिनलचा (टर्मिनल म्हणजे मोठ्या कॉम्प्युटरला जोडायचा पडदा आणि कीबोर्ड). टर्मिनल नाही मिळालं. प्रो मायक्रो हा छोटा मायक्रोकंट्रोलर बोर्ड आणि सिग्नलचं व्होल्टेज बदलून देणारं मॅक्स२३२ मॉड्यूल लावून तो लॅपटॉपला यूएसबीवर जोडलाय, अक्षरं येतात, पण एकदा शिफ्ट दाबलं की मग सगळं कॅपिटलच. थोरला भाऊ म्हणतो कीबोर्ड गेलाय, देऊन टाक भंगारात. खरंच गेलाय का?
— एक वाचक, विश्रामबाग, सांगली

उत्तर : अजिबात देऊ नका हो! अक्षरं येतायत म्हणजे अवघड काम झालंय तुमचं. बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगतो, हा कीबोर्ड १२ व्होल्टवर चालतो, ४८०० बॉडने सिरियल बोलतो (म्हणजे एकामागून एक, सेकंदाला ४८०० बिट) आणि त्याची सिग्नल लेव्हल मायक्रोकंट्रोलरच्या पिनला झेपणारी नाही म्हणून मध्ये मॅक्स२३२ लागतंच, आणि १२ व्होल्टच्या अडॅप्टरचा ग्राउंड बोर्डाच्या ग्राउंडला जोडायचा.

आता शिफ्ट. कीबोर्ड प्रत्येक बटणासाठी एक नंबर, म्हणजे कोड पाठवतो. बोर्डावरचा तुमचा प्रोग्राम बहुतेक शिफ्टचा १७४ कोड आला की दाबलं आणि परत १७४ आला की सोडलं असं धरून बसलाय, पण हा कीबोर्ड तसं करत नाही. शिफ्ट सोडताना तशा प्रकारचं दुसरं बटण, म्हणजे समजा कंट्रोल, अजून दाबलेलं असेल तरच १७४ परत येतो, आणि काहीच दाबलेलं नसेल तर येतो १७९, म्हणजे सगळी बटणं सुटली. तो १७९ तुम्ही टाकून देताय! तो आला की सगळ्या बटणांना रिलीज करा, शिफ्ट सुटेल.

पण तेवढ्यावर थांबू नका. अक्षरांची बटणं सुरुवातीला फक्त दाबल्याचं कळवतात, सोडल्याचं नाही, आणि दाबून धरलं तर नुसता १८० येत राहतो, त्यामुळे या अवस्थेत गेम वगैरे खेळायला हा कीबोर्ड निरुपयोगी. बटणांचे १४ गट आहेत, प्रत्येकाला डाऊन-अप मोडमध्ये टाकायचं, म्हणजे दाबल्याचं आणि सोडल्याचं दोन्ही कळेल. त्यासाठी बोर्डाकडून कीबोर्डला १४२, १५०, १५८ असे आठ-आठने वाढवत २४६ पर्यंत बाइट पाठवा, प्रत्येकाला उत्तर म्हणून १८६ येईल. ते येत नसेल तर कीबोर्डकडे जाणारी वायर तपासा, नुसती येणारी जोडून भागत नाही. कीबोर्डची पॉवर गेली की हे सगळं परत पाठवावं लागतं हे विसरू नका.

एस्केपचं बटण शोधत बसू नका, ते नाहीच, एफ११ ला एस्केप करा. ऑल्ट पण नाही, तिथे कंपोजचं बटण वापरा. आणि थोरल्या भाऊंना सांगा, लॅपटॉपवर ते जी उलट्या टीसारखी बाणांची बटणं दाबतात ती मांडणी १९८२ च्या याच कीबोर्डमुळे रूढ झाली.

बटण दाबताना आतल्या स्पीकरमधून टिक-टिक येते तिचा घरच्यांना त्रास होत असेल तर १५३ पाठवून बंद करता येते, मी असतो तर चालूच ठेवली असती.