स्मरणिकेतली जाहिरात आणि संचालकांचा ठराव : उद्योजकांचे प्रश्न

प्रश्न : नागपूरजवळच्या हिंगणा एमआयडीसीत आमची प्रायव्हेट लिमिटेड कंपनी आहे, पाच वर्षं झाली. निवडणूक आली की पक्षाचे कार्यकर्ते येतात. कुणी रोख मागतं, कुणी स्मरणिकेत पानभर जाहिरात. नाही म्हटलं तर परवानगीचं काम अडेल, असंही सुचवतात.

उत्तर : देणगी देणं बेकायदा नाही, न देणंही नाही. रोख मात्र कंपनीला देताच येत नाही, आणि हेच तुमचं पहिलं उत्तर असू द्या.

कंपनी कायदा 2013, कलम 182 असं सांगतं : कंपनीला तीन आर्थिक वर्षं पूर्ण झालेली हवीत, संचालक मंडळाच्या बैठकीत ठराव हवा (कागद फिरवून घेतलेल्या सह्या चालत नाहीत), पैसे अकाउंट पेयी चेकने, ड्राफ्टने किंवा बँकेतून थेट. चेक नोंदणीकृत पक्षाच्या नावाचा, कार्यकर्त्याच्या नव्हे. वर्षभरात सगळ्या पक्षांना मिळून मर्यादा मागच्या तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या साडेसात टक्के. नफा 18, 24 आणि 30 लाख असेल तर सरासरी 24 लाख, म्हणजे जास्तीत जास्त 1 लाख 80 हजार. ही मर्यादा 2017 मध्ये काढली होती. 15 फेब्रुवारी 2024 रोजी निवडणूक रोखे रद्द करताना सर्वोच्च न्यायालयाने तो बदलही रद्द केला. पक्षाचं नाव आणि रक्कम नफा-तोटा पत्रकात दाखवावी लागते. चुकलात तर कंपनीला रकमेच्या पाचपट दंड होऊ शकतो, आणि जबाबदार संचालकाला दंडासोबत सहा महिन्यांपर्यंत कैद.

खरी फसगत स्मरणिकेत होते. अकाउंटंट ते बिल डोळे झाकून जाहिरात खर्चात टाकतो. पण पक्षाच्या स्मरणिकेतली जाहिरात कायद्याने देणगीच. तिलाही ठराव आणि मर्यादा लागू. प्राप्तिकरातही ती धंद्याचा खर्च म्हणून वजा होत नाही. कंपनीने प्राप्तिकराचा 22 टक्के सवलतीचा दर घेतला असेल तर पक्षाला दिलेल्या देणगीची एरवी मिळणारी वजावटही विसरा.

अडवणुकीचं म्हणाल, तर अर्ज ऑनलाइन करा आणि अर्ज क्रमांक जपून ठेवा. सेवा अधिसूचित (सरकारने जाहीर केलेल्या यादीत) असेल तर महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम 2015 खाली मुदत ठरलेली असते. ती उलटली की 30 दिवसांत पहिलं अपील. दोषी अधिकाऱ्याला 500 ते 5000 रुपये दंड होऊ शकतो. मागणी नगरसेवकाची किंवा अधिकाऱ्याची असेल तर ती लाच. 2018 पासून देणाराही गुन्हेगार ठरतो. जबरदस्तीने द्यावी लागली तर सात दिवसांत कळवलं तरच सुटका. लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा क्रमांक 1064. पैसे देण्याआधीच फोन केलेला बरा, म्हणजे सापळा लावता येतो. तक्रारीचं पत्र एकट्याच्या सहीने देऊ नका. विदर्भ इंडस्ट्रीज असोसिएशनसारख्या संघटनेमार्फत द्या, तेही हिवाळी अधिवेशनात, मंत्री नागपुरातच असतात तेव्हा.

प्रश्न : नागपूरच्या महाल भागात आमचा छापखाना आहे. विधानसभेच्या उमेदवाराची पत्रकं छापताना काय जपावं?

उत्तर : लोकप्रतिनिधित्व कायद्याचं कलम 127क. पत्रकावर मुद्रक आणि प्रकाशक दोघांची नावं-पत्ते दर्शनी भागात हवेत. छापण्याआधी प्रकाशकाचं सहीचं घोषणापत्र दोन प्रतींत घ्या. त्याला ओळखणाऱ्या दोघांची साक्ष त्यावर लागते. छापल्यावर तीन दिवसांत घोषणापत्र आणि पत्रकाच्या प्रती जिल्हाधिकाऱ्यांकडे पाठवा. शिक्षा सहा महिन्यांपर्यंत कैद, 2000 रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. ‘नाव नको, घाई आहे’ म्हणणारं गिऱ्हाईक परत पाठवलेलं बरं.

प्रश्न : मतदानाच्या दिवशी रोजंदारीवरच्या मजुरालाही पगारी सुट्टी?

उत्तर : हो, लोकसभा आणि विधानसभेला द्यावीच लागते (लोकप्रतिनिधित्व कायद्याचंच कलम 135ख). अपवाद फक्त ज्याच्या गैरहजेरीने धोका किंवा मोठं नुकसान होईल त्याचा. भट्टीवरचा माणूस त्यात बसेल, पॅकिंगवरचा बसणार नाही.